अमेरिकेच्या अजस्र आलिशान गाड्या : कॅडिलॅक, लिंकन, पॅकार्ड, इंपीरियल आणि तो जमाना

मिशिगनकर

१९५९ सालच्या कॅडिलॅकची लांबी भरते २२५ इंच, म्हणजे ५.७ मीटरच्या वर. आपली मारुती ८०० होती ३.३ मीटरची. मागे दोन्ही बाजूंना उभारलेले पंख, प्रत्येक पंखात दोन टोकदार लाल दिवे, पुढून क्रोमची नुसती रेलचेल, आणि बॉनेटखाली ६.४ लिटरचं, ३२५ हॉर्सपॉवरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. या गाडीचा फोटो कुठेही टाका, प्रतिक्रिया ठरलेल्या : केवढं हे धूड, नुसता माज, पेट्रोलची नासाडी.

मी बरीच वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात राहतो. काम गाड्यांच्या सुट्या भागांचं, आणि या गाड्यांवर मनापासून प्रेम. माझं म्हणणं असं की त्या एवढ्या वाढल्या त्याला ठोस कारणं होती, आणि त्या अवाढव्य पत्र्याच्या आत जे काम झालं त्याच्या जिवावर आज आपण सगळे आरामात फिरतो.

आधी कारणं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं १९२०च्या दशकात एक शिडी उभी केली. खालच्या पायरीवर शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबील, ब्यूक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसानं एक पायरी चढायची. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. वरची गाडी दुरूनही वरची दिसली पाहिजे, आणि यंदाची गाडी गेल्या वर्षीच्या गाडीहून वेगळी दिसली पाहिजे. दरवर्षी नवं इंजिन काढणं परवडत नाही, पण पत्रा बदलता येतो. हे काम १९२७ पासून हार्ली अर्लच्या खात्याकडे होतं. हा मूळचा हॉलीवूडच्या श्रीमंतांना खास बॉडी बांधून देणारा माणूस. मातीचे मोठमोठे नमुने घडवून गाडीचा आकार ठरवायची पद्धत त्यानं रुळवली, आणि गाडी लांब आणि बुटकी दिसावी हे त्याचं आयुष्यभराचं वेड होतं.

पंख आले १९४८च्या कॅडिलॅकवर. युद्धातल्या लॉकहीड पी-३८ या दुहेरी शेपटीच्या विमानावरून सुचलेले, अगदी छोटे. १९५७ साली क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरनं सडपातळ, उंच पंखांच्या गाड्या आणल्या. जनरल मोटर्सच्या डिझायनरांना त्या बाजारात येण्याआधीच एका कुंपणापलीकडे उभ्या दिसल्या, आणि आपण मागे पडलो हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. ठरलेले आराखडे बाजूला ठेवून त्यांनी नव्यानं कामाला सुरुवात केली. १९५९ची कॅडिलॅक त्या धावपळीतून जन्मली.

या सगळ्याला जमीन मिळाली ती सुबत्तेची. पेट्रोल सुमारे ३० सेंट गॅलन. १९५६च्या कायद्यानं ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्ग मंजूर झाले. लोक शहर सोडून उपनगरांत गेले, जिथे रस्ते रुंद आणि प्रत्येक घराला गॅरेज. अशा देशात गाडी लहान ठेवायचं कारणच काय होतं?

आता आतलं काम. १९१२ साली कॅडिलॅकनं इलेक्ट्रिक स्टार्टर दिला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४०च्या ओल्ड्समोबीलवर आला, पुढच्या वर्षी कॅडिलॅकवर. दुसऱ्या महायुद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिनं याच गिअरबॉक्ससकट बसवली होती, म्हणजे त्याची परीक्षा रणांगणावर झाली. पॅकार्डनं १९४०च्या मॉडेलला एसी दिला. त्याचं धूड डिकीत बसायचं आणि तो बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढायला लागायचा. पण तो गाडीत बसवलेला एसी होता. पॉवर स्टिअरिंग १९५१च्या क्रायस्लर इंपीरियलवर. समोरून गाडी आली की हेडलाइट आपोआप डिपर करणारा डोळा १९५२ साली. हवं ते तापमान लावून विसरून जायचा एसी १९६४च्या कॅडिलॅकवर.

आणि क्रूझ कंट्रोल १९५८च्या इंपीरियलवर. ते शोधणारा राल्फ टीटर हा इंडियानातला इंजिनिअर लहानपणापासून अंध होता. त्याला चालवणाऱ्याचे धक्के आणि वेगातले चढउतार अंगाला जाणवत, त्यातून त्याला ही कल्पना सुचली.

यातली एकही गोष्ट आज चैनीची राहिलेली नाही. म्हणून म्हणतो, पंखांना नावं ठेवण्याआधी दार उघडून आत बघा. ज्यांनी या गाड्या चालवल्या, पाहिल्या, दुरुस्त केल्या त्यांनी जरूर लिहा.

वाटसरू_गिरगाव

छान सुरुवात. मुंबईची बाजू मी मांडतो.

या गाड्या आपल्याला फक्त सिनेमात दिसल्या असं नव्या पिढीला वाटतं. जनरल मोटर्सनं शिवडीला १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला होता. शेव्हरोले, ब्यूक सुट्या भागांत बोटीनं यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला घेतल्या. माझ्या लहानपणी गिरगावात डॉज आणि प्लिमथच्या टॅक्सी होत्या. पाठीमागच्या सीटवर आमचं अख्खं घर मावायचं आणि वर मांडीवर एक-दोन पोरं.

मग सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्सनं १९५४ साली शिवडीचं बस्तान गुंडाळलं. प्रीमियर टिकली आणि फियाटकडे वळली. त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी इथे मिळायची ती बहुतेक परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेली, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत विकली जाणारी. इंपाला हा शब्द आपल्याकडे श्रीमंतीचं दुसरं नावच झाला तो या टंचाईमुळे. तिकडे इंपाला ही शेव्हरोलेची गाडी, म्हणजे मिशिगनकरांच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. मध्यमवर्गी कुटुंबाची गाडी. आपल्याकडे तीच नटांची आणि शेठजींची झाली.

नेहा_के

लेख आवडला, पण मला काही गोष्टी खटकतात आणि त्या बोलायला हव्यात.

आराम सगळा आत बसलेल्यांचा. बाहेर काय चाललं होतं? १९५९च्या कॅडिलॅकचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण, १०.५ ला १ होतं. असं इंजिन ठोके न देता चालायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि त्या काळी ते शिसं घालून मिळायचं. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजलीनं १९२१ साली काढली. ते शिसं दशकानुदशकं मुलांच्या रक्तात गेलं, जगभर गेलं, आपल्याकडेही. लॉस एंजेलिसचं धुरकं इतकं वाढलं की लोकांचे डोळे चुरचुरायचे.

आणि सुरक्षितता. लोखंड जाड म्हणजे गाडी भक्कम, हा समज माझ्या माहेरीही आहे. सीटचे पट्टे नाहीत, डॅशबोर्ड लोखंडी, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला. हे सगळं माहीत असताना पंखांवर खर्च केला.

मिशिगनकर

@नेहा_के, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि ते या धाग्यात असलेच पाहिजेत.

सुरक्षिततेबद्दल तर पुरावाच आहे. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू ताशी ४० मैलांनी एकमेकींवर अर्धवट समोरासमोर आदळवली. बेल एअरची केबिन चेपली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चालकावर आले. खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या चालकाच्या पायाला दुखापत झाली असती, बस्स. जाड पत्रा धक्का शोषत नाही. पुढचा भाग ठरवून चुरगळायचा आणि माणसाभोवतीचा पिंजरा शाबूत ठेवायचा, हा विचारच त्या आराखड्यांत नव्हता. १९५७ पासूनच्या कॅडिलॅकची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, तर इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती. मधे बारीक, दरवाजांच्या बाजूला काहीच नाही. गाडी बुटकी करण्यासाठी ते केलं होतं आणि बाजूनं धडक बसली तर त्याची किंमत आतल्यांनी मोजली.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे सुमारे पाच माणसं रस्त्यावर मरत. आज तो आकडा सव्वाच्या आसपास आहे. १९६६ च्या सुरक्षा कायद्यानंतर दाबला जाणारा स्टिअरिंगचा दांडा, पट्टे, मऊ डॅशबोर्ड सक्तीचे झाले. ते तंत्र आधीही अशक्य नव्हतं. कंपन्यांनी स्वतःहून केलं नाही, हा त्यांच्यावरचा डाग आहे आणि मी तो पुसायला जाणार नाही.

स्प्रिंगपाटा

पुण्यात सस्पेन्शनवर काम करतो. या गाड्या नेमक्या कशामुळे 'तरंगतात' ते लिहितो, कारण हे काम अस्सल आहे आणि फारसं कुणी सांगत नाही.

मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या शाखेतून १९३० साली कॅडिलॅककडे आला. त्या काळी पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि कडक पाटे असायचे. ऑलीनं वजनं मागेपुढे हलवता येतील अशी एक गाडी तयार करून माणसाच्या अंगाला कोणती हालचाल त्रास देते याचा अभ्यास केला. त्याला दिसलं की वर-खाली होणं शरीर सोसतं, पण पुढे-मागे डोलणं सोसत नाही. उपाय असा : पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवायची. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची चाकं उशिरा त्यावर येतात, पण त्यांची लय जलद असल्यामुळे ती पुढच्या लयीला गाठतात आणि गाडी एका पातळीत वर-खाली होऊन शांत होते. मऊ स्प्रिंग पुढे बसवायची तर अखंड अ‍ॅक्सल चालत नाही, चाक थरथरतं. म्हणून १९३४ साली पुढची दोन चाकं स्वतंत्र झाली. आज पुण्यातल्या कुठल्याही हॅचबॅकचं सस्पेन्शन बसवताना आम्ही ऑलीचे हेच नियम वापरतो.

आता आकाराकडे या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं डोलणं कमी. गाडीचं वजन चाकांच्या वजनाच्या मानानं जितकं जास्त तितका चाकाचा धक्का वर कमी पोचतो. म्हणजे लांब आणि जड गाडीला आराम देणं सोपं जातं. त्यात बॉडी आणि चॅसी वेगळी, मधे रबराचे गट्टू, आवाज आणि कंप तिथेच मरतो. फुगीर टायर. सेकंदाला साधारण एकदा हलणारी मऊ स्प्रिंग, जी माणसाच्या चालण्याच्या लयीहून मंद आहे. या सगळ्याचा परिणाम म्हणजे तो तरंगण्याचा अनुभव. मोठेपणा दिखाव्यासाठी होताच, पण आरामाचं गणितही त्याच दिशेला ओढत होतं.

किंमत वळणावर द्यावी लागायची. गाडी कलते, पुढून बाहेर ओढते, आणि ड्रम ब्रेक डोंगर उतरताना तापून ढिले पडतात.

दोन धाडसी प्रयोगांचा उल्लेख करतोच. पॅकार्डनं १९५५ साली कॉइल स्प्रिंग काढून पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या लांब पिळाच्या सळया लावल्या. डिकीत सामान भरलं की इलेक्ट्रिक मोटर गाडी पुन्हा समपातळीत आणायची. कल्पना फार सुंदर, पण कंपनीकडे पैसे आणि वेळ दोन्ही संपत आले होते. दुसरा, १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमचं हवेवर चालणारं सस्पेन्शन. फुगे आणि व्हॉल्व्ह गळायचे, गाडी रात्रीत खाली बसायची. पुष्कळ मालकांनी नंतर साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. आजच्या महागड्या गाड्यांत तेच तंत्र बिनबोभाट चालतं, कारण मधल्या काळात रबर आणि इलेक्ट्रॉनिक्स सुधारलं.

मिशिगनकर

@स्प्रिंगपाटा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोडीचा आहे. ऑलीबद्दल इतकं नेमकं मराठीत मी कुठे वाचलं नव्हतं.

एल्डोराडो ब्रूमबद्दल थोडी भर. किंमत १३,०७४ डॉलर, त्या वेळच्या रोल्स-रॉइसच्या तोडीची. छत स्टेनलेस स्टीलचं, मधला खांब नाही, मागचे दरवाजे उलटे उघडणारे. आत स्त्रियांसाठी अत्तराची कुपी, पुरुषांसाठी सिगारेटची पेटी, आणि चुंबकानं चिकटून राहणारे पेले. पहिल्या वर्षी ४०० गाड्या बनल्या, दुसऱ्या वर्षी ३०४. प्रत्येक गाडीवर कंपनीला तोटाच झाला.

अंबाझरी

मी अटलांटाजवळ राहते. माझ्या शेजारच्या एका वयस्कर कृष्णवर्णीय आजींच्या अंगणात १९७०च्या दशकातली एक कॅडिलॅक डेव्हिल आहे. त्यांच्यामुळे मला या गाड्यांची एक वेगळी बाजू कळली आणि ती तुमच्या शिडीत येत नाही.

महामंदीच्या काळात कॅडिलॅक डबघाईला आली होती. मॅनेजमेंटवाल्या पीटर ड्रकरनं लिहून ठेवलंय की कंपनी तेव्हा कृष्णवर्णीयांना गाडी विकतच नसे. निकोलस ड्रायस्टॅट हा सर्व्हिस विभागाचा प्रमुख गावोगावच्या वर्कशॉपमध्ये फिरायचा, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांचे कितीतरी मालक कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, मुष्टियोद्धे, गायक आहेत. एखाद्या गोऱ्या माणसाला जादा पैसे देऊन, त्याच्या नावावर ते गाडी घेत. ड्रायस्टॅटनं वरिष्ठांना पटवून ही बंदी उठवली आणि खप वाढला.

हा हट्ट दिखाव्याचा नव्हता. चांगल्या वस्तीत घर विकत मिळत नाही, चांगल्या क्लबात प्रवेश नाही. उत्तम म्हणून विकत घेता येईल आणि सोबत नेता येईल अशी एकच गोष्ट उरते, गाडी. दक्षिणेत बसमध्ये मागे बसावं लागे, आगगाडीत वेगळा डबा. स्वतःची गाडी असली की तो अपमान टळायचा. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्यानं १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापली. कुठल्या गावात रात्री मुक्काम करता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, कुठे जेवायला देतील. जिथे थांबणं धोक्याचं, तिथे दमदार आणि न बिघडणारी गाडी म्हणजे जिवाची हमी. आणि वेळ पडली तर आत झोपता येईल एवढी मोठी.

शेजारच्या आजी गाडी आता फारशी चालवत नाहीत, पण दर रविवारी चर्चला जाताना तीच काढतात. ती गाडी त्या का विकत नाहीत हे मला आता वेगळं सांगावं लागत नाही.

नेहा_के

@अंबाझरी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

जुना_ओहायोवाला

मंडळी, मी १९७४ साली शिकायला ओहायोत आलो. त्याआधीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं होतं. मार्चमध्ये बंदी उठली तरी लोकांच्या मनात धास्ती होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागून गेलेल्या, आणि जो तो मोठी गाडी विकून छोटी जपानी घ्यायच्या मागे. याचा फायदा आमच्यासारख्या गरीब विद्यार्थ्यांना झाला. आम्ही चौघा मराठी मुलांनी मिळून एक जुनी ब्यूक इलेक्ट्रा २२५ घेतली, अगदी किरकोळ किमतीत. नावातले २२५ म्हणजे १९५९ साली ती निघाली तेव्हाची इंचांतली लांबी.

पुढे सलग बाकासारखी सीट, तिघं बसायचे. मागे तिघं-चौघं. डिकीत महिन्याचं वाणसामान, गाद्या, एकदा तर एका मित्राचं लग्नाचं सगळं सामान गेलं. शिकागोला भारतीय किराणा आणायला आम्ही तीच घेऊन जायचो. अ‍ॅव्हरेज गॅलनला दहा-बारा मैल, म्हणजे लिटरला चार-पाच किलोमीटर. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचो. हिवाळ्यात ती एकदा गरम झाली की बाहेर बर्फ असो वा वादळ, आत गाणी चालू. देशापासून इतक्या लांब आलेल्या पोरांना त्या गाडीनं घरपण दिलं. तिचे उपकार मी मानतो.

कॉन्टिनेंटल६१

सगळे पंखांवर लिहितायत, म्हणून फोर्डच्या लिंकनचं सांगतो. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात देखणी अमेरिकन गाडी १९६१ची लिंकन कॉन्टिनेंटल आहे आणि तिच्यावर पंख नाहीत.

१९५८ची लिंकन २२९ इंचांची होती आणि फार खपली नाही. फोर्डमध्ये रॉबर्ट मॅक्नामारा लिंकन बंदच करायच्या विचारात होता. डिझायनर एलवूड एंगलनं फोर्डच्याच थंडरबर्डसाठी केलेला एक नमुना त्यानं पाहिला आणि तोच मोठा करून लिंकन म्हणून काढायचं ठरलं. नवी गाडी २१२ इंचांची, म्हणजे आधीच्यापेक्षा दीड फुटानं कमी. सरळ, स्वच्छ रेषा, क्रोमची फक्त एक पट्टी वरच्या कडेनं. मागचे दरवाजे मागे बिजागरी असलेले, कारण नेहमीच्या दरवाजातून उतरताना पाय अडकत होता. प्रत्येक गाडी विक्रीला सोडण्याआधी रस्त्यावर चालवून तपासली जायची आणि कंपनी दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी द्यायची, जी तेव्हा कुणीच देत नव्हतं.

१९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क-२ पण अशीच शांत. सुमारे १०,००० डॉलर, आणि तरी फोर्डला तोटा. मोठी गाडी म्हणजे भडकच असली पाहिजे हे खरं नाही, हे या दोन गाड्यांनी दाखवलं.

पिंपळपान

वाचतेय. एक शंका : तेलटंचाईनं या गाड्या संपल्या असं सगळीकडे वाचलंय. तसंच ना?

मिशिगनकर

@पिंपळपान, फार महत्त्वाचा प्रश्न. माझं उत्तर आहे, नाही. निदान एकट्या तेलटंचाईनं नाही.

१९७३-७४चा धक्का मोठाच होता. १९७४च्या जानेवारीत निक्सननं देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. पण सगळ्यात अजस्र गाड्या याच काळातल्या आहेत. १९७३ची इंपीरियल २३५ इंच, जवळजवळ सहा मीटर. १९७६ची कॅडिलॅक फ्लीटवूड ब्रूम २३३.७ इंच. आणि १९७६ साली कॅडिलॅकनं तीन लाखांहून जास्त गाड्या बनवल्या, तोवरचा त्यांचा विक्रम. टंचाई सरली, रांगा संपल्या, ज्यांच्याकडे पैसा होता ते पुन्हा मोठ्या गाडीकडे आले.

इंजिनाची कथा मात्र दुःखद आहे. १९७०च्या एल्डोराडोवर ८.२ लिटरचं व्ही-८ आलं, ४०० हॉर्सपॉवर. १९७६ साली त्याच आकाराच्या इंजिनाचा आकडा १९०. यातला काही भाग मोजमापाचा आहे. आधी इंजिन मोकळं, पट्टे आणि सायलेन्सरशिवाय मोजत, १९७२ पासून गाडीत बसवल्यासारखं मोजू लागले. पण खरी घटही होती. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे कॉम्प्रेशन उतरवलं, १९७५ पासून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल. @नेहा_के, तुमचा मुद्दा इथे निकाली निघाला. हवा सुधारली हे नक्की, आणि त्यापुढे हॉर्सपॉवरचं दुःख मला मोठं वाटत नाही.

घाव घातला तो १९७५च्या डिसेंबरात झालेल्या इंधनबचतीच्या कायद्यानं. कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज १९७८ साली १८ मैल आणि १९८५ साली साडेसत्तावीस मैल गॅलनला आलं पाहिजे, नाहीतर दंड. आता एका ग्राहकाला मोठी गाडी हवी आणि तो पेट्रोलचे पैसे द्यायला तयार आहे, एवढं पुरेना. जनरल मोटर्सनं १९७७ साली सगळ्या मोठ्या गाड्या एकदम छोट्या केल्या. डेव्हिल नऊ-दहा इंचांनी आखूड, साधारण चारशे किलोंनी हलकी, इंजिन सात लिटरचं. गंमत म्हणजे आत जागा कमी झाली नाही आणि चालवायला ती जास्त चांगली होती. माझ्या मते १९७७ची कॅडिलॅक हे त्या दशकातलं सर्वांत हुशार काम आहे.

लिंकननं २३३ इंचांची कॉन्टिनेंटल १९७९ पर्यंत ओढली. कॅडिलॅक आखूड झाली म्हटल्यावर लिंकनचा खप काही काळ वाढला, पण तो शेवटचा बहर.

वाटसरू_गिरगाव

आणि ती 'शेवटची' उघडी एल्डोराडो?

मिशिगनकर

हो, ते राहिलंच. उलटल्यावर छप्पर दबू नये यासाठी नवे नियम येणार अशी हवा होती, त्यामुळे एकेकानं उघड्या, म्हणजे दुमडत्या छपराच्या गाड्या बंद केल्या. १९७६ची एल्डोराडो ही अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी म्हणून कॅडिलॅकनं गाजावाजा केला. १४,००० बनवल्या, शेवटच्या २०० अगदी एकसारख्या पांढऱ्या. अखेरची गाडी २१ एप्रिल १९७६ ला डेट्रॉइटच्या क्लार्क स्ट्रीट कारखान्यातून निघाली. लोकांनी गुंतवणूक म्हणून दामदुप्पट देऊन घेतल्या. १९८४ साली कंपनीनं पुन्हा उघडी एल्डोराडो आणली, तेव्हा चिडलेल्या मालकांनी दावा ठोकला.

स्प्रिंगपाटा

एक विचार मांडतो. इंधनबचतीच्या त्या कायद्यात प्रवासी गाड्यांना एक नियम होता आणि हलक्या ट्रकना त्याहून सैल. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा करही ट्रकना लागू नव्हता. मोठी आलिशान गाडी हवी असणारा अमेरिकन ग्राहक कुठेच गेला नाही, तो ट्रकच्या चॅसीवरच्या एसयूव्हीत जाऊन बसला. आजची कॅडिलॅक एस्कलेड ईएसव्ही जवळजवळ २२७ इंचांची आहे, पंखांच्या १९५९च्या गाडीहून लांब आणि कितीतरी जड आणि उंच. माझा आक्षेप उंचीला आहे. १९५९ची कॅडिलॅक रस्त्यावर पसरलेली होती, तिच्या बॉनेटवरून समोरचं पोर दिसायचं. आजच्या एसयूव्हीच्या नाकाखालचं पोर दिसत नाही.

नेहा_के

+१. शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत.

पिंपळपान

मला क्युबातल्या गाड्यांबद्दल वाचायला आवडेल. कुणी गेलंय का?

कॉन्टिनेंटल६१

मी गेलोय. हवानात त्या जुन्या गाड्यांना आल्मेंद्रोन म्हणतात. १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकेनं व्यापार तोडला, सुटे भाग येणं बंद झालं, आणि होत्या त्याच गाड्या लोकांनी जगवल्या. बाहेरून १९५०च्या दशकातली शेव्हरोले किंवा ब्यूक, आत रशियन किंवा कोरियन डिझेल इंजिन. ठरलेल्या रस्त्यानं धावणाऱ्या शेअर टॅक्सी म्हणून त्या अजून पोट भरतात. तिथल्या मिस्त्रींचा हात बघून आपल्याकडच्या चोर बाजारातल्या कारागिरांची आठवण आली. एक मिस्त्री ब्रेकचा भाग लेथवर स्वतः कातून घेत होता.

अंबाझरी

मुलांना या गाड्या दाखवायच्या आहेत. मिशिगनला आलो तर कुठे जावं?

मिशिगनकर

@अंबाझरी, तीन ठिकाणं.

डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम. तिथे केनेडींची १९६१ची लिंकन आहे. डॅलसमध्ये याच गाडीत त्यांची हत्या झाली, त्यानंतर तिला चिलखती करून पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत ठेवलं होतं, १९७७ पर्यंत. मुलांना ती गोष्ट आधी सांगून ठेवा, मग समोर उभं करा.

दुसरं, कॅलमझूजवळ हिकरी कॉर्नर्सला गिलमोर कार म्युझियम. शेताडीत पसरलेलं आहे, त्यात कॅडिलॅक-लासाल क्लबची वेगळी इमारत आहे. अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण दिवस ठेवा.

तिसरं म्हणजे ऑगस्टचा तिसरा शनिवार. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून दरवर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिकीट नाही. सकाळी लवकर या, सावलीची जागा आणि घडीच्या खुर्च्या घेऊन बसा. दुपारनंतर गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला या, इथून जवळ आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवतो. मालक मंडळी आनंदानं बॉनेट उघडून दाखवतात. मुलांना विचारायला सांगा की यातला एसीचा कॉम्प्रेसर कुठला आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप कुठला.

पॅकार्डचा कारखाना शोधत जाऊ नका. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरची, पुढे ओसाड पडलेली ती भली मोठी वास्तू आता पाडून झाली आहे.